पायथॉनचा मल्टिप्रोसेसिंग पूल, वापरून झाल्यावर (5 पैकी 3.5)

आमच्या चोपड्याकडे केळीवर करपा आला की भाऊ पानांचे फोटो काढत सुटतो, असे 11 हजार फोटो जमले होते आणि ते सगळे बारीक करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एका प्रोसेसवर रात्र गेली असती म्हणून पूल लावला (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून देणारी पायथॉनची सोय), 8 वर्कर म्हणजे काम करणाऱ्या 8 प्रोसेस, पूल डॉट मॅपने फोटो त्यांच्यात वाटले, बस. स्पीडबद्दल तक्रार शून्य, आठही कोर 100 टक्के. मे महिना, लॅपटॉपचा पंखा असा घोंघावला की आई आतून ओरडली, "तो पंखा काबर बोंबली ऱ्हायना रे?"

गंमत पुढे आहे. पाच मिनिटांनी दिसलं की रुंदी 640 च्या जागी 64 टाकलीये, एक शून्य खाल्लं. मारला कंट्रोल सी, चालू प्रोग्राम थांबवायला. स्क्रीनवर आठ-नऊ ट्रेसबॅक (एरर कुठे आली ते सांगणाऱ्या ओळी) एकमेकांत कालवून आले, शेवभाजीत पोळी कुस्करावी तसे, कुठली ओळ कोणाची काही कळेना. मी एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट लिहून (कंट्रोल सी ने येणारी एरर पकडायला) त्यात पूल डॉट क्लोज आणि जॉइन (वर्कर संपेपर्यंत थांबणं) टाकलं होतं, वाटलं आवरतंय बिचारं, जेवून आलो, तरी पंखा चालूच आणि फोल्डरमध्ये 64 पिक्सेलचे फोटो पडतच होते! चालू प्रोसेस दाखवणारं एचटॉप उघडलं तर वर्कर आठच, पण पीआयडी (प्रोसेसचे नंबर) सगळे नवे.

मग डोकं खाजवलं तेव्हा उलगडा झाला. कंट्रोल सी दाबला की टर्मिनल सिगइंट हा सिग्नल एकट्या मुख्य प्रोग्रामला देत नाही, पुढे चालू असलेल्या अख्ख्या प्रोसेस ग्रुपला देतं, म्हणजे बापालाही (मुख्य प्रोग्राम) आणि आठही पोरांनाही (वर्कर). पोरांमध्ये कीबोर्डइंटरप्ट उडतो, आणि वर्करचा कोड फक्त एक्सेप्शन, म्हणजे नेहमीच्या एरर, पकडतो, कीबोर्डइंटरप्ट पडला थेट त्यावरच्या बेसएक्सेप्शनच्या घरातला, तो काही त्या जाळ्यात येत नाही. वर्कर मरतो, हातातला गठ्ठा (11 हजाराचे 32 गठ्ठे, एकेक 344 चा) हरवतो, आणि पूल इमानदारीत नवा वर्कर भरती करून पुढचा गठ्ठा त्याच्या हातात देतो. हरवलेल्या गठ्ठ्यांचं उत्तर कधीच येणार नाही, म्हणून जॉइन बसलाय वाट बघत, बसू दे. आणि क्लोज म्हणजे नवीन काम घेऊ नका एवढंच, घेतलेलं सोडा असं नाही, ही चूक माझीच.

उपाय दोन ओळींचा निघाला. पूल बनवताना इनिशियलायझर (प्रत्येक वर्कर सुरू होताना चालणारं) म्हणून एक छोटं फंक्शन द्यायचं, त्यात सिग्नल डॉट सिग्नल वापरून सिगइंटला सिग-इग्न (दुर्लक्ष कर) लावायचं, म्हणजे पोरं कंट्रोल सी ला बहिरी. ऐकणार फक्त बाप, आणि त्याने क्लोज नाही, टर्मिनेट (वर्कर तिथेच बंद) करून मग जॉइन करायचं. विथ मध्ये पूल लिहिला तर बाहेर पडताना टर्मिनेट आपोआप होतं. आता दाबलं की एकच ट्रेसबॅक आणि सगळं गार.

एक खोच आहे भो, टर्मिनेट पोरांना सिगटर्म (बंद हो असा सिग्नल) देतं आणि त्यात फायनली, म्हणजे शेवटी आवरायचा कोड, चालत नाही, तेव्हा लिहिता लिहिता फोटो अर्धवट राहू शकतो. मी आधी टेम्प नावाने सेव्ह करतो, पूर्ण झाला की ओएस डॉट रिप्लेसने खरं नाव देतो. त्यानंतर अर्धा फोटो एकही सापडला नाही.

प्रोसेसपूलएक्झिक्युटर, पायथॉनचा असाच दुसरा पूल, तोपण वापरून बघितला. वर्कर मेला की तो गुपचूप नवा भरत नाही, सरळ ब्रोकनप्रोसेसपूल म्हणून बोंब मारतो, हे मला जास्त आवडलं. पण विथ मधून बाहेर पडताना रांगेतलं सगळं काम संपवूनच सोडतो, रांगेतलं काम रद्द करायचं तर त्याला शटडाउनमध्ये कॅन्सल-फ्यूचर्स ट्रू द्यावं लागतं, ते पायथॉन 3.9 पासून आहे. जुनं व्हर्जन असेल तर विसरा.

नेटवर, मॅपऐवजी मॅप-असिंक करून (काम सोपवून लगेच परत येणं) उत्तर घेणाऱ्या गेटला भलामोठा टाइमआउट द्या असं अजून सापडतं, तो पायथॉन 2 चा जुगाड, तिथे मॅप कंट्रोल सी ऐकायचाच नाही. पायथॉन 3 वर असाल तर त्या नादी लागू नका.

एक स्टार कापला तो गुपचूप वर्कर भरतीचा. उरलेला अर्धा त्या 64 पिक्सेलच्या फोटोंचा, भावाच्या फोनवर त्यातले काही आधीच गेले होते आणि तो विचारतो, हा करपा आहे का डास?