जांभा, चुना आणि बांबूचे सभागृह : एक पावसाळा काढल्यानंतर

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आमची जुनी वसाहत आहे. तिथले पत्र्याचे सभागृह पाडून गेल्या दिवाळीनंतर नवे वापरात आले. भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, गिलावा चुन्याचा, बांबूच्या कैच्यांवर मंगलोरी कौले, खाली शहाबादी फरशी. आरक्षणाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे बारशापासून तेराव्यापर्यंत प्रत्येक कार्याच्या तक्रारी आधी माझ्याच कानावर येतात. आता तिन्ही ऋतू झाले, म्हणून लिहायला हरकत नाही.

पहिला प्रश्न सगळे पावसाचाच विचारतात. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून झोडपतो. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. तरीही आमच्या तीन भिंती ठणठणीत राहिल्या, कारण त्या बाजूंना वळचण चांगली हातभर बाहेर आहे आणि जोते उंच आहे. पश्चिमेला मात्र कुंपण जवळ आल्यामुळे वळचण आखूड ठेवली होती. जुलैमध्ये ती भिंत खालून वर काळपट होत गेली, आतल्या बाजूला बुरशीचा वास येऊ लागला. ठेकेदाराने लगेच वॉटरप्रूफ रंगाचा दर सांगितला. वसाहतीतले मालवणकडचे एक काका ते ऐकून हसले आणि गावी करतात तशा झडी बांधायला लावल्या: नारळाच्या झावळ्या विणून भिंतीपासून थोड्या अंतरावर बांबूला बांधायच्या, म्हणजे मारा झावळीवर पडतो आणि मागून वारा खेळतो. दिसायला कोणी नावे ठेवोत, ऑगस्टपासून भिंतीवर नवे पाणी आले नाही. चुन्यातून वाफ बाहेर पडते, त्यामुळे पाऊस ओसरल्यावर डाग आपोआप वाळून फिके झाले. यावर ॲक्रिलिक रंग मारला असता तर छिद्रे बुजून ओल आतच कोंडली असती. रंग धुता येतो म्हणून भुलणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

चुन्याची एक गंमत मात्र कोणी आधी सांगितली नव्हती. फेब्रुवारीत एका लग्नाची हळद इथे झाली. पोरांनी हळदीच्या हातांचे ठसे भिंतीवर उमटवले आणि ते पिवळ्याचे लालभडक झाले. हळद आणि चुना एकत्र आले की काय होते हे घरी कुंकू करणाऱ्या आज्यांना ठाऊकच आहे, पण नवरीच्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. घासून ते निघाले नाहीत. चुन्याचे दोन हात दिल्यावर झाकले गेले. आता हळदीच्या दिवशी भिंतीला कापड लावायची अट आहे. खिळे ठोकायलाही मनाई आहे, कारण गिलाव्याचा पोपडाच हातात येतो. सजावटवाल्यांसाठी वर बांबूला आकडे करून घेतले.

‘जाड भिंती, त्यामुळे एसी नको’ असे नकाशा दाखवताना सांगितले गेले होते. हे अर्धेच खरे आहे. विदर्भात दिवस तापतो आणि रात्र निवते, तिथे जाड भिंतीचा खरा उपयोग होतो. मुंबईची मेमधली रात्रही घामटच असते, त्यामुळे भिंतीला थंड व्हायला वेळच मिळत नाही. आमच्या सभागृहात बरे वाटते ते उंच आढ्यामुळे आणि समोरासमोरच्या जाळ्यांमुळे. दोनशे माणसे जेवायला बसली की पंखे लागतातच. सकाळी योगासनांचा वर्ग बिनपंख्याचा चालतो, एवढे मात्र खरे.

आवाजाच्या बाबतीत मी बेहद्द खूश आहे. काँक्रीट आणि टाइल्सच्या हॉलमध्ये बोलणे घुमून घुमून कळेनासे होते. इथे कौलांखाली बांबूची चटई आहे, ती आवाज खाते. भजनी मंडळाने माईक बंद केला, यातच आले.

बांबू सिंधुदुर्गातला माणगा, भरीव जातीचा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला. हे औषध भुंग्यापासून वाचवते, पण पावसाने धुऊन जाते, म्हणून बांबू कायम छपराखाली हवा. पुढच्या पडवीत शोभेसाठी वाशांची टोके बाहेर काढली होती. त्याच टोकांखाली झाडणाऱ्या मावशींना भुंग्याने पाडलेली बारीक पिवळसर भुकटी सापडली. टोके कापून घेतली. सांध्यांतल्या काही बोल्टांना गंज धरलाय, ते गॅल्व्हनाइज्ड बसवायला हवे होते. माकडे कौले सरकवतात, त्यामुळे जादा कौलांचा ढीग ठेवावा लागतो आणि छपरावर नीट चढणारा माणूस शोधावा लागतो, तो या शहरात सहज मिळत नाही.

पर्यावरणाचा हिशेबही सरळ नाही. सिमेंटचे क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे खडे, सुमारे 1450 अंशांवर भाजतात, चुना 900च्या आसपास. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषतो, पण दगडातून निघालेला तेवढाच. भट्टीच्या इंधनाचा धूर गेला तो गेला. शिवाय चिरे रत्नागिरीहून तीनशेहून अधिक किलोमीटर ट्रकने आले. पाया आणि भिंतींवरचा पट्टा काँक्रीटचाच आहे, भूकंपाच्या दृष्टीने तो हवाही. तेव्हा ‘संपूर्ण नैसर्गिक’ अशी पाटी दारावर लावायला मी विरोध केला.

बांधून झाल्यावर दहा वर्षे छपराकडे बघायचे नाही अशी ज्या सोसायटीची सवय आहे, तिने या वाटेला जाऊ नये. यंदाच्या वार्षिक सभेत झडी, चुन्याचा हात आणि कौलांची पाहणी यांसाठी दरवर्षीचा वेगळा खर्च बराच वाद होऊन मंजूर झाला. नवे बांधणाऱ्यांनी नकाशावर सही करण्याआधी पश्चिमेची वळचण मोजावी. आम्हाला ती आता वाढवायची तर कुंपणापलीकडच्या सोसायटीची परवानगी लागेल, आणि त्यांच्याशी पार्किंगवरून आमचे बोलणे बंद आहे.