फोंड्याचा पावसाळा, स्वतः जुळवलेला गेमिंग संगणक आणि मालकीचा हिशेब

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग घेऊन मी जुळवलेला संगणक आता एका अख्ख्या पावसाळ्यातून पार पडला आहे. १०८०पी म्हणजे फुल एचडी पडद्यावर हा प्रोसेसर आणि हे कार्ड मिळून खेळ कसे चालवतात हे सर्वांना ठाऊक आहे. लिहायला बसलो तो ग्राफिक्स कार्डाच्या पाठीमागच्या पत्र्यामुळे.

ऑगस्टमध्ये कार्डाचा एक पंखा घरघरू लागला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला. वॉरंटी शिल्लक होती, परंतु कंपनीचे सेवाकेंद्र गोव्यात नसल्याने कार्ड मूळ खोक्यासह कुरियरने परराज्यात पाठवणे भाग होते, आणि त्याआधी सर्व बाजूंचे फोटो मागवण्यात आले. ते पाहून उत्तर आले की, पोर्टांभोवतीच्या पत्र्यावर गंज दिसतो, सबब हे बाह्य नुकसान असून वॉरंटी लागू होत नाही. गंज म्हणजे मोहरीएवढे चार ठिपके! जिथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते आणि दाराच्या बिजागऱ्या कुरकुरतात, तिथे कॅबिनेटच्या मागे उघडा राहणारा पत्रा कोरा कसा राहील, आणि त्या पत्र्याचा पंख्याच्या बेअरिंगशी संबंध काय, हे मी वारंवार विचारले. दर वेळी तोच मजकूर आला, फक्त खाली सही करणाऱ्याचे नाव बदलत गेले. दमट हवेत टिकेल असा मुलामा द्यायचा नाही आणि हवामानाचा भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा, याला सेवा म्हणत नाहीत.

अखेर म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्याकडून त्याच मापाचा जोडपंखा मागवला, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) उघडून तो बसवला आणि चिप व हीटसिंक यांच्यामधली सुकलेली थर्मल पेस्टही बदलली. सगळा खर्च कुरियरच्या जाण्यायेण्याच्या भाड्यापेक्षा कमी झाला.

इथवर लिहिले तेव्हा कार्डाला एकच तारा द्यायचे ठरले होते. आता ते मत बदलत आहे, कारण कंपनीने हात वर केले तरी वस्तू माझी होती आणि ती उघडायला मला कोणाची परवानगी लागली नाही. वीज गेली की साधा यूपीएस असूनही संगणक बंद पडत असे, कारण अॅक्टिव्ह पीएफसी (वीज कार्यक्षमपणे खेचणारी रचना) असलेल्या काही एसएमपीएसना, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यांना, अशा यूपीएसच्या विजेची पायऱ्यापायऱ्यांची लहर चालत नाही. शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा, यूपीएस घेतल्यावर तोही प्रश्न मिटला. पदरमोड झाली खरी, पण उपाय माझ्या हातात होता.

खेळांच्या बाबतीत तसे नाही. चवथीच्या सुट्टीत झाडाची फांदी पडून इंटरनेटची केबल तुटली, तेव्हा पूर्ण किमतीला घेतलेला, एकट्याने खेळायचा खेळ लॉगिनच्या चौकटीपुढे सरकेना. खेळ डिस्कवर होता, संगणक चालू होता, आणि तरीही त्यावर स्क्रूड्रायव्हर चालवता येईल अशी जागा कुठेच नव्हती. २०१४ साली आलेल्या ‘द क्रू’ या मोटार शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांना त्यातला एकट्याने खेळायचा भागही उघडता येईना. कॅलिफोर्नियाच्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, आपण फक्त वापरण्याचा परवाना देत आहोत हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा डिजिटल वस्तूंच्या विक्रेत्याला ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानाने तशी ओळ त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर टाकली होती. निदान आपण काय घेतो आहोत ते आता छापील तरी मिळते.

जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावरही कागदोपत्री परवानाच मिळतो, मात्र तिथला ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून घेतला की तो चालवायला पुन्हा कोणाच्या सर्व्हरची मिनतवारी करावी लागत नाही. त्यामुळे खेळ दोन्हीकडे असेल, तर चार पैसे जास्त मोजून मी तिथूनच घेतो आणि इन्स्टॉलर वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. स्टीमवर घेण्याआधी ऑफलाइन मोड चालतो का आणि दुसऱ्या कंपनीचे लाँचर (खेळाआधी उघडावे लागणारे वेगळे अॅप) मध्ये येते का, एवढे पाहून घ्यावे. सोबत ऑनलाइन खेळायच्या खेळांना सर्व्हर लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही.

कार्डाला पाचपैकी साडेतीन, त्याच्या वॉरंटीला शून्य. चवथीला अडलेल्या त्या खेळाचा पुढचा भाग सध्या ७५ टक्के सवलतीत आहे, पण त्यालाही कायम इंटरनेट लागते. तो मी घेतलेला नाही.