तीन फुटी फिश टँकचा घरगुती स्टँड: सागाची चौकट की प्लायवुडची पेटी?

स्टँड घरी बनवायचे ठरले की पहिली शंका वजनाची येते, आणि तिचे निरसन वाटते त्यापेक्षा सोपे आहे. 36 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 15 इंच उंच टाकीत काठोकाठ 106 लिटर पाणी मावते. वरचा दीड इंच रिकामा ठेवला तर ते 95 लिटरच्या आसपास राहते. 8 मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन सुमारे 24 किलो होते आणि त्यात वाळू, खडे, फिल्टर व झाकण धरले की एकूण भार 140 किलोपर्यंत जातो. 3 बाय 2 इंचाच्या चार पायांवर तो सारखा वाटला गेला, तर प्रत्येक पायावर 35 किलो येतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोही नाही. उभ्या रेषांच्या दिशेने कोणतेही बरे लाकूड याच्या कितीतरी पट दाब सोसते, आणि 19 मिलिमीटरच्या प्लायच्या उभ्या बाजूही तो सहज पेलतात. त्यामुळे साग की प्लाय हा निर्णय वजनावर न घेता पाणी, हवा आणि आडवा हेलकावा या तीन गोष्टींवर घ्यावा.

आडव्या हेलकाव्याचा मुद्दा सातारा जिल्ह्यात पुस्तकी नाही. 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण पाटण आणि कराड भागात अजून सांगितली जाते, आणि त्या परिसरात लहान धक्के आजही अधूनमधून बसतात. धक्का बसला की टाकीतले पाणी एका बाजूला रेटले जाते आणि खालची चौकट तिरकी होऊ पाहते. चार पाय व आडव्या पट्ट्या एवढाच सांगाडा असेल, तर हा सगळा ताण सांध्यांवर येतो आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. प्लायच्या पेटीत मागची सलग पाटी हा ताण स्वतःवर घेते, म्हणून या कसोटीवर पेटी सरस ठरते. सागाच्या चौकटीला मागून 9 मिलिमीटरचा प्लाय जागोजागी स्क्रूने आवळला, तर मात्र हा फरक जवळपास मिटतो. धक्क्याचे सोडा, टाकीची काच पुसताना घरातल्या माणसाचा हात टेकतो तेवढ्यानेही मोकळी चौकट हलते.

पाण्याच्या कसोटीवर पारडे फिरते. टाकी फुटण्याचे प्रसंग विरळा, पण आठवड्याला पाणी बदलताना नळीतून गळणारे थेंब, झाकणाखालून ओघळणारी वाफ आणि जाळी ठेवल्यावर राहणारा ओलावा हे रोजचेच. मी पहिली टाकी एका तयार घेतलेल्या टेबलावर ठेवली होती. ते लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या बोर्डाचे होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात त्याची कड पावासारखी फुगली. असा बोर्ड किंवा एमडीएफ या तुलनेत घेण्याचेही कारण नाही. प्लाय घ्यायचाच असेल तर आयएस 710 चा, ज्याला दुकानात मरीन प्लाय म्हणतात, तो घ्यावा आणि शीटवरचा शिक्का स्वतः पाहावा. या प्लायचा डिंक 72 तास पाण्यात उकळण्याच्या चाचणीलाही टिकावा लागतो. तरीही ही हमी थर सुटू नयेत एवढ्यापुरती असते. कापलेल्या कडांमधून लाकूड पाणी पितच राहते, म्हणून प्रत्येक कड, अगदी जमिनीला टेकणारी खालचीसुद्धा, जोडणीपूर्वी पॉलिश किंवा इपॉक्सीचे दोन हात देऊन बंद करावी लागते. वर सनमायका लावून खालची कड उघडी सोडणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

सागाला अंगचे तेल असते, त्यामुळे ओल आणि वाळवी दोन्ही त्याला उशिरा बाधतात, आणि भिजलेला साग वाळला की पुन्हा बहुतांशी पूर्ववत होतो. साताऱ्याच्या पेठांतले जुने वाडे उतरवले जातात, तेव्हा त्यांतले वासे व तुळया विकायला येतात. हे लाकूड वर्षानुवर्षे मुरलेले असल्याने नव्या लाकडापेक्षा कमी वाकते. रंधा मारण्यापूर्वी त्यातले खिळे मात्र चुंबक फिरवून शोधावेत. बाभूळ त्याहून कणखर असली तरी घरगुती हत्यारांना ती दाद देत नाही.

हवेचा विचार तालुक्यागणिक बदलतो. महाबळेश्वर, जावळी आणि पाटणच्या पावसात भरीव लाकूड आडव्या दिशेने फुगते आणि दारे अडकतात; माण, खटाव आणि फलटणच्या उन्हाळ्यात तेच आकसून फटी पडतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने तो दोन्हीकडे जवळपास स्थिर राहतो. चौकट सागाची आणि दारे प्लायची अशी वाटणी केली, तर हा त्रास दारांपुरता तरी टळतो.

खर्च आणि श्रम यांचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. 30 इंच उंचीच्या चौकटीला साधारण 1.1 घनफूट लाकूड लागते आणि कापणी व रंधा धरून वखारीतून दीड घनफूट घ्यावे लागते. त्याच मापाची पेटी, मधली उभी फळी, मागची पाटी आणि दारे धरून 28 चौरस फुटांत बसते, म्हणजे 8 बाय 4 फुटांची एक शीट पुरते, फक्त कापणी नीट आखावी लागते. दुकानदार प्लाय मापाने कापून देतो, त्यामुळे हाती करवत नसलेल्या माणसालाही दोन दिवसांत पेटी जमते. चौकटीला गुण्या, करवत आणि संयम हवा.

सागाकडे वळणाऱ्याने दोन गोष्टी चुकवू नयेत. वरच्या लांब पट्ट्या 3 इंचाची बाजू उभी ठेवून बसवाव्यात. आडव्या ठेवल्या तर त्याच लाकडाचा ताठरपणा निम्म्याहून कमी होतो. आणि पट्टी पायाच्या बाजूला स्क्रूने लटकवण्याऐवजी पायाच्या माथ्यावर टेकवावी, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर उतरतो आणि स्क्रू केवळ जागा धरून राहतात.

माझा कौल असा: तळमजल्यावर राहणाऱ्याने, किंवा टाकी दहा-पंधरा वर्षे ठेवायची असेल तर, मागे प्लाय मारलेली सागाची चौकट घ्यावी, भाड्याच्या घरात राहणाऱ्याने मरीन प्लायची पेटी करावी. शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते, म्हणून दोन्ही प्रकारांत रिकाम्या स्टँडवर पाणसळ ठेवून पायांखाली पाचरी ठोकाव्यात, वर थर्माकोलची शीट अंथरावी आणि मासे सोडण्यापूर्वी टाकी अर्धी भरून एक दिवस, मग पूर्ण भरून दोन दिवस तशीच ठेवून पाणसळ पुन्हा पाहावी.