अकरा बेचाळीसला जाणारी लाईट

मी बारामतीत एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. काउंटरच्या काचेवर ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ अशी चिठ्ठी मीच चिकटवली आहे, माझ्याच अक्षरात. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणीतरी विचारणारच की बाई, तुम्हाला एवढंही कळलं नाही का. नाही कळलं.

कॅमेरा चार वर्षांपूर्वी घेतला. कॅनन २०० डी, पुढे हप्त्यावर ५५-२५० ची लेन्स. भिगवण आमच्यापासून तासाच्या आत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात ते बघायला सगळा महाराष्ट्र येतो, आणि मी स्कूटीवर जाऊ शकते. फोटो मात्र सपाट यायचे. पाणी करडं, पक्षी चौकटीच्या बरोब्बर मध्यभागी खिळा ठोकल्यासारखा, पांढरी पिसं चुना फासल्यासारखी. काहीतरी चुकतंय हे दिसायचं, काय ते कळायचं नाही. त्या अवस्थेतला माणूस कोणाच्याही हाती सापडतो.

सप्टेंबरात मोबाईलवर जाहिरात आली. डावीकडे मरगळलेला फोटो, उजवीकडे तोच फोटो केशरी ढगांनी पेटलेला, खाली रोहितांची रांग. फोटो एडिटिंग आणि कॉम्पोझिशनचा, म्हणजे चौकटीतल्या मांडणीचा, वेबिनार, रविवारी सकाळी ११ वाजता, फी फक्त ९९ रुपये. म्हटलं, दोन वडापावच्या बशीएवढे पैसे, गेले तर गेले.

पहिला अर्धा तास सरांची कहाणी. नोकरी सोडली, बायको रागावली, जंगलात रात्री काढल्या. मग वीसेक मिनिटं चौकटीचे तीन भाग कसे करायचे ते. मधेच पडदा काळा झाला, सर म्हणाले, ‘अरे, लाईट गेली वाटतं! थांबा हां मंडळी, इन्व्हर्टर आहे आपला,’ आणि सगळे हसले. मला तो माणूस तिथेच आवडला. आपल्यासारखाच, लोडशेडिंगवाला. शेवटच्या तासात विक्री. ४९,९९९ चा कोर्स आज रात्री बारापर्यंत १४,९९९ ला. बाजूला चॅटमध्ये नावं धावत होती, ‘जॉइन केलं सर’, ‘आयुष्य बदललं सर’. फक्त ७ जागा उरल्या, मग ५, मग ३. मी तिसऱ्या नाही, दुसऱ्या जागेवर उडी मारली. जीएसटी धरून १७,६९९.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेच्या नावाऐवजी एका बाईंचं नाव आलं. मी पाहिलं. रोज ग्राहकांना सांगते की पिन टाकण्याआधी वर आलेलं नाव वाचा. वाचलं, आणि मनाशी म्हटलं, सरांच्या मिसेस असतील.

कोर्स सहा आठवड्यांचा होता. लाईव्ह म्हणजे आठवड्यातून एकदा, बाकी व्हिडिओ. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिन बोलणार. शंका विचारायला एक गुगल फॉर्म. त्यात टाकलेली शंका कुठल्या विहिरीत पडायची देव जाणे. ‘लाइटरूमचं लाइफटाइम लायसन्स मोफत’ म्हणून (लाइटरूम म्हणजे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) एक झिप फाईल आली, सोबत सूचना: बसवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा. माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतो. तो फोनवर किंचाळलाच, ‘मावशी, हात लावू नकोस त्याला!’ लाइटरूमची एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी आवृत्ती ॲडोबीने केव्हाच बंद केली आहे. २०१७ नंतरचं लाइटरूम क्लासिक भाड्यानेच मिळतं. म्हणजे लाइफटाइम लायसन्स हा शब्दच खोटा, आणि झिपमध्ये होतं ते फोडलेलं सॉफ्टवेअर. भाच्याने त्याच कामाचं डार्कटेबल बसवून दिलं, जे मुळातच फुकट आहे. मी आजही तेच वापरते.

आणि मग प्रीसेट. ५०० प्रीसेट, ‘किंमत २०,००० रुपये, तुम्हाला भेट’. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या कुठल्यातरी फोटोसाठी सरकवलेल्या पट्ट्यांच्या जागा, जपून ठेवलेल्या. त्याच्या फोटोत सकाळचं कोवळं ऊन होतं, माझ्यात दुपारचं. बटण दाबलं की माझे रोहित गाजराच्या रंगाचे आणि पाणी मोरचुदासारखं. सरांनी सहा आठवड्यांत एकदाही सांगितलं नाही की फोटो रॉ मध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जपून ठेवणाऱ्या फाईलीत. मी जेपेग काढत होते. त्यात पांढरी पिसं एकदा जळली की जळली, कुठल्याही पट्टीने परत येत नाहीत. संपादनाच्या कोर्समध्ये हे पहिल्या तासाला सांगायला हवं. ते सांगितलं असतं तर प्रीसेट कोणी विकत घेतले नसते, हा भाग वेगळा.

तरीही मी पुढचे ६,५०० भरले. ‘फील्ड वर्कशॉप, भिगवण, दोन दिवस, आठ जणांमागे एक मार्गदर्शक, राहणं, जेवण, बोट सगळं धरून.’ स्वतःला समजावलं की ऑनलाइनमध्ये मजा नसते, समोर बसून शिकलं की वेगळं. वर्कशॉप दोनदा पुढे ढकललं आणि जानेवारीत झालं. पहाटे साडेपाचला कुंभारगावच्या काठावर आम्ही ३१ जण कुडकुडत उभे होतो. मार्गदर्शक एकच. सर.

नावाड्यांना आगाऊ काहीच दिलेलं नव्हतं. ‘पैशाचं कसं?’ असं त्यांनी विचारल्यावर सर फोनवर बोलत बाजूला गेले. शेवटी आम्हीच माणशी ३०० वर्गणी काढली. सहा बोटी, सर एका बोटीत, बाकी पाच बोटी देवाच्या भरवशावर.

माझ्या बोटीत दौंडचे एक निवृत्त मास्तर होते, आणि नावाडी. त्या दोन तासांत मी जे शिकले त्याची फी त्या ३०० रुपयांत आली. नावाडी म्हणाला, ‘ताई, ऊन पाठीमागं घ्या की. पाखराच्या डोळ्यात उजेड दिसला पायजे.’ मग म्हणाला, उभं राहू नका, खाली बसा, कडेला टेका, पाखराच्या उंचीला या. मी बसले आणि मागचा ऊस, विजेचे खांब, सगळं दूर सरकून धूसर झालं. थोड्या वेळाने त्याने वारा कुठून येतोय ते हाताने दाखवलं. रोहित उडताना वाऱ्याला तोंड देऊन पाण्यावर पळत सुटतो, तेव्हा कुठल्या बाजूला बोट ठेवायची आणि चौकटीत त्याच्या पुढे पाणी मोकळं का सोडायचं हे त्याला पाठ होतं. कॉम्पोझिशन हा शब्द त्याने उच्चारला नाही. मास्तरांनी माझा कॅमेरा घेऊन मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, काढला. ‘हा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला की पिसं गेली समजा. गडद पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो, उजेड जास्त घेतो. थोडं उण्यात जा.’ एक्सपोजर उणे दोन-तृतीयांशावर नेलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला पंखाच्या पिसांच्या रेघा दिसल्या.

तेवढ्यात पलीकडच्या बोटीतून सरांचा आवाज: ‘उडवा, उडवा, थव्यात घाला बोट!’ त्यांच्या नावाड्याने वल्हं आडवं धरलं आणि बोट हलवली नाही. तो म्हणाला, ‘सर, ती उपाशी बसत्यात मग.’ सगळ्या वर्कशॉपमध्ये मला वाटलेला अभिमान एवढाच, आणि तो त्या नावाड्याचा.

परत आल्यावर जेवायला चिलापीचा रस्सा, त्याचेही पैसे आम्हीच दिले. दुसऱ्या दिवशी सर तब्येतीचं कारण सांगून गेले. प्रमाणपत्र मेलवर आलं, त्यात फोटोग्राफी या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलेलं.

त्या रात्री जाहिरातीतला तो आधीचा-नंतरचा फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. वेबिनारमध्ये सर म्हणाले होते, मूळ आकाश कोरं पांढरं होतं, ढग मी एडिटिंगमध्ये बसवले. पण डावीकडच्या मूळ फोटोतही ढग होते. करडे, फिके, मात्र तेच, त्याच जागी, त्याच किनारी. म्हणजे आधीचा फोटो नंतरच्यावरूनच बनवलेला. तयार फोटोतला रंग पिळून काढायचा, वर धुकं ओतायचं आणि म्हणायचं, बघा, आमच्याकडे येण्याआधी असं होतं. जाहिरातीतला आधीचा फोटो नीट बघा. नंतरच्यात जे घातलं असं सांगतात ते आधीच्यात आहे का, एवढंच शोधा. आम्ही सगळे उजवीकडेच बघतो.

मग सरावासाठी दिलेल्या रॉ फाईली उघडल्या. फाईलीच्या माहितीत कॉपीराइटच्या रकान्यात दहापैकी तीन फाईलींवर भलत्याच माणसाचं नाव. शोधलं तर ते एक परदेशी छायाचित्रकार निघाले. त्यांनी त्या फाईली शिकणाऱ्यांसाठी फुकट ठेवल्या आहेत, विकू नयेत अशी अट घालून. मी त्याचे १७,६९९ मोजले होते.

पावती काढून बघितली. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. आपल्याकडचा असेल तर सुरुवातीला २७, मग पॅन. माझ्या पावतीवर १४ अक्षरं. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक टाकून तपासता येतो, एक मिनिट लागतं. हे मी पतसंस्थेत पुरवठादारांच्या बिलांबाबत दर महिन्याला करते.

रिफंड मागितला. नियम दाखवले गेले: पैसे भरल्यापासून ७ दिवसांत अर्ज, आणि त्याआधी सर्व ३० असाइनमेंट पूर्ण. असाइनमेंट सहा आठवड्यांत मिळून ३० व्हायच्या. मी ग्रुपवर बोलू शकत नव्हते, म्हणून ओळखीच्या चौघांना वेगळं लिहिलं. तासाभरात मला ग्रुपमधून काढलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथे वेळ महत्त्वाची, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढे जायच्या आत अडवता येण्याची आशा असते. मी चार महिन्यांनी केला. ‘तुम्ही सेवा घेतली आहे, ग्राहक तक्रार करा,’ असं उत्तर मिळालं. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यांनी तक्रार नोंदवून पलीकडे पाठवली, पलीकडून उत्तर नाही. रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली ती ‘पत्ता अपूर्ण’ शेरा घेऊन परत आली. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार घातली आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात घालता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत. तो परत आलेला लिफाफा न फोडता जोडला आहे. मास्तर आणि आणखी तिघांनी स्वतंत्र तक्रारी घातल्या. बाकीचे म्हणतात, जाऊ दे, कोणाला कळलं तर हसतील. या ‘जाऊ दे’वरच तो धंदा चालतो, माझ्या मते प्रीसेटपेक्षाही जास्त.

मागच्या रविवारी बहिणीच्या मोबाईलवर तीच जाहिरात आली. तिच्या नावाने ९९ भरले आणि दोघी बसलो, एक तिच्या फोनवर, एक माझ्या नव्या नंबरवरून. तीच कहाणी, तोच रागावलेला संसार. चॅटमध्ये तीच नावं, त्याच क्रमाने. मी माझ्या फोनवरून टाइप केलं, ‘ही रेकॉर्डिंग आहे, पैसे भरू नका.’ माझ्या पडद्यावर दिसलं. बहिणीच्या पडद्यावर दिसलंच नाही. तिनेही टाकून पाहिलं, तिचं मला दिसेना. आपण लिहिलेलं फक्त आपल्यालाच आणि बहुधा त्यांना.

मी घड्याळाकडे बघत होते. अकरा बेचाळीसला पडदा काळा झाला.

‘अरे, लाईट गेली वाटतं!’