मांडवीजवळचं बिनपाटीचं दुकान आणि माझी चेक देशातली क्रॉकरी

स्वच्छ सांगते. सहा कप, सहा बश्या आणि वर किटली असा जुळलेला सेट हवा असेल तर या दुकानात जाऊ नका. इथे बश्या चार मिळतात, कप त्यातल्या दोघींचेच, आणि किटलीचं झाकण भलत्याच किटलीवर बसलेलं असतं. सुटा माल उलटापालटा करत बसायची ज्याला हौस आहे त्याच्यासाठी मात्र बडोद्यात याहून बरी जागा मला माहीत नाही.

दुकानाला पाटीच नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. मांडवीकडून गेंडीगेटच्या दिशेने निघालात की पितळी भांडीवाले संपतात, तिथल्या डाव्या बोळात. बाहेर पंख्याची पाती, सायकलच्या रिमा असला पसारा आणि आत छतापर्यंत क्रॉकरी. मालक वयस्कर, कमी बोलणारे. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "जोई लो बेन, पछी भाव पूछो." दुकानाचा सगळ्यात मोठा गुण हाच. कोणतीही वस्तू उचला, उलटी करा, टॉर्च मारा, टिचकी मारा, कोणी हटकत नाही. काचेच्या शोकेसमध्ये कुलूप लावून "अँटिक" विकणाऱ्यांकडे हे सुख नाही.

मुलगा गल्ल्यावर असला की प्रत्येक बशी "पॅलेसमधून आलेली" असते. हसून सोडून द्या. बराचसा माल अलंगचा आहे. तिथे १९८३ पासून जहाजं तोडतात, आणि जहाजावरची भांडीकुंडी ट्रकने गुजरातभर जाते. उरलेला माल मोडकळीला आलेल्या बंगल्यांमधला. अलंगच्या ढिगात हॉटेली चिनीमाती असते, जाड काठाची, चुकून हातातून सुटली तरी एकदम फुटत नाही अशी. त्यातच मला चेक देशातल्या कार्लोवी वारी या गावच्या बेनेडिक्ट कारखान्याचा एक वाडगा मिळाला, शंभर रुपयांत. कारखाना १८८२ चा, हॉटेलांच्या मालासाठी नावाजलेला. आमच्याकडे त्यात रोजचं दही लागतं.

चेक मालाचं वेड मला लागलं ते शिक्क्यांमुळे. बशीच्या पाठीवर "ऑस्ट्रिया" किंवा "बोहेमिया" (चेक मुलखाचं जुनं नाव) असेल तर ती बहुतेक १९१८ च्या आधीची, तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रियाच्या राज्यात होता. "चेकोस्लोव्हाकिया" असेल तर १९१८ ते १९९२ मधली, कारण १९९३ च्या १ जानेवारीला तो देशच दोन झाला. मधोमध जोडरेघ असलेलं "चेको-स्लोव्हाकिया" दिसलं तर सहसा सुरुवातीच्या वर्षांतली. "एरफिला" दिसलं तर तो कारखाना नव्हे, माल मागवणारी फिलाडेल्फियाची एबेलिंग अँड रॉयस ही पेढी. उठावाचा गुलाबी त्रिकोण दिसला तर दुख्त्सोव गावची रॉयल डक्स कंपनी, पण तिच्या नकला भरपूर, तेव्हा त्रिकोण बघून लगेच पाकीट काढू नका. पस्तीस वर्षं शाळेत रसायन शिकवल्यावर माणसाला लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायची सवय राहत नाही, तसंच हे.

दुकानात दोन जातींचा चेक माल सापडतो, आणि या दोन जाती घरात एकाच कामाला लावायच्या नसतात.

पहिली जात निळी-पांढरी, कांद्याची नक्षी. मूळ नक्षी जर्मनीतल्या माइसेनची, १७४० च्या सुमाराची, चिनी भांड्यांवरून उचललेली. डुबी नावाच्या चेक गावात ती १८८५ पासून निघू लागली. त्यातले कांदे हे खरं तर डाळिंबं आणि पीच आहेत, म्हणून आमच्या वन्सं चातुर्मासातही या बशीत फराळ करतात. कोबाल्टचा निळा रंग झिलईच्या खाली असतो, वर काचेचा थर, त्यामुळे घासून जात नाही की पदार्थात उतरत नाही. मी या बश्या सर्रास वापरते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ यातच दिली. एरवी स्टीलच्या वाटीत निमूट खाणाऱ्या बायकांनी डाळ संपवून बश्या उलट्या करून पाहिल्या. बशीचा भाव साधारण चारशे, टवका असेल तर अर्धा. एखादी फुटली तर त्याच नक्षीची नवीही मिळते, ही सोय जुन्या मालात क्वचितच असते.

दुसरी जात माझी लाडकी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला केशरी-काळा, पिवळा-काळा माल. स्टेन्सिल ठेवून फवाऱ्याने मारलेले रंग, धारदार त्रिकोण, पट्टे, अर्धवर्तुळं. डिटमार-उर्बाखसारखे कारखाने हे पाण्याचे जग, डबे, फुलदाण्या परदेशी पाठवायचे. पाण्याच्या जगाचा कान असा कोनात वळलेला की पकडायला अवघड, पण बघत राहावंसं वाटतं. हा पोर्सेलीन नव्हे, साधी मातीची भांडी. टिचकी मारलीत तर पोर्सेलीन खणखणीत वाजतं आणि हे बद्द वाजतं. झिलईवर केसासारख्या चिरांचं जाळं असतं. त्यातून तेल आणि हळद आत शिरली की डाग जन्माचा.

आता बाईंचा तास. या केशरी भांड्यात पन्हं, ताक, लोणचं, चिंचेचं सार काहीही ठेवू नका. त्या काळच्या झिलईत शिसं असायचं, लाल-केशरी रंगात कॅडमियम असू शकतं, आणि काही केशरी झिलयांमध्ये तर युरेनियमही घालत. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो. कार्लोवी वारीजवळच्या याखिमोवच्या खाणीत युरेनियम निघायचं आणि तिथेच काचेसाठी, चिनीमातीसाठी पिवळे-केशरी रंग बनायचे. मेरी क्युरीने ज्या पिचब्लेंडच्या (युरेनियमच्या खनिजाच्या) चोथ्यातून रेडियम काढलं तो चोथा याच रंगांच्या कारखान्यातला. दहावीला क्युरीबाई शिकवताना हा धागा मला ठाऊक असता तर मागच्या बाकावरची मुलंही जागी राहिली असती! फळीवर शोभेला ठेवायला काही हरकत नाही. माझ्या केशरी जगात फक्त सुकलेलं गवत आहे.

घरात मांडायचं म्हटलं तर आमच्या कारेलीबागच्या फ्लॅटला ना कोनाडे, ना दांडिया बाजारातल्या वाड्यासारख्या भिंतीतल्या फडताळी. हॉलच्या भिंती बिल्डरने श्रीखंडी रंगवलेल्या, त्यावर केशरी जग अगदीच फिका पडायचा. एक भिंत राखाडी-निळी केली आणि सोफ्याच्या वर एक लांब फळी ठोकली, पुढे बोटभर उंचीची पट्टी मारून. २००१ च्या भूकंपात शेजारच्यांचं शोकेस कसं रिकामं झालं ते पाहिलेलं आहे, म्हणून पट्टी हवीच. फळीवर दाटी करायची नाही. एक उंच, दोन बुटके, मग मोकळी जागा. आमच्या ह्यांचं म्हणणं, मोकळ्या जागेत रेडिओ मावेल. मावेल, पण ठेवणार नाही.

निळ्या बश्या भिंतीवर टांगायच्या असतील तर स्प्रिंगचे हूक घेऊ नका. ते काठाला कचकन पकडतात आणि काही महिन्यांत टवका उडतो. पाठीला चिकटवायच्या कापडी चकत्या मिळतात, पाण्याने सुटतात, त्या बऱ्या.

तक्रारी सांगायलाच हव्यात. दुकानात उजेड कमी, आणि तो मुद्दाम कमी ठेवलाय असा माझा संशय आहे. कारण टवके रंगाने बुजवलेले माल अधूनमधून सापडतात. नखाने काठ चाचपा. बुजवलेली जागा किंचित मऊ आणि कोमट लागते, खरी झिलई थंड आणि गुळगुळीत. बिल मिळत नाही, परत घेत नाहीत. बांधून देताना एका कपाला गुजराती वर्तमानपत्राचं एकच पान, तेव्हा घरून जुने टॉवेल न्या. घासाघीस केली तर भाव साधारण पाव उतरतो, त्याहून जास्त नाही. मुलाशी करू नका, मालकांशी करा.

आणि भलत्या आशेने जाऊ नका. चेक डिझायनर यारोस्लाव येझेकचा 'एल्का' कॉफी सेट, ज्याला ब्रसेल्सच्या १९५८ च्या प्रदर्शनात ग्रां प्री मिळालं, किंवा चेक वास्तुकार पावेल यानाकचा १९११ चा स्फटिकासारखा कोनाकोनांचा डबा, असलं काही या ढिगात हाताला लागायचं नाही. ते संग्रहालयांचं नाहीतर युरोपातल्या लिलावांचं काम.

सध्या मागच्या मांडणीवर, खालून दुसऱ्या कप्प्यात, भिंतीवर टांगायचा मिठाचा डबा आहे, लाकडी झाकणाचा, काळ्या पट्ट्यांचा. साडेआठशे सांगतायत. झाकणाची बिजागरी गंजलीय, पण ती मांडवीतच बदलून मिळेल. आत मीठ ठेवू नका, किल्ल्या ठेवा. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. स्कूटर न्यायमंदिरापाशी लावून चालत जा, बोळात वळवता येत नाही.