ॲपलसीड: 25 यार्डांची शाळा राज्यभर न्यायची तर

ॲपलसीडच्या रायफल वर्गाचं सगळ्यात मोठं बळ त्याच्या अंतरात आहे. अमेरिकेत नागरिकांना रायफल शिकवणारा हा दोन दिवसांचा कार्यक्रम जवळपास पूर्णपणे 25 यार्डांवर चालतो. टार्गेटवर 100, 200, 300 आणि 400 यार्डांवर दिसतील तेवढ्याच आकाराच्या आकृत्या छापलेल्या असतात. 400 यार्डांवरचा माणूस 25 यार्डांच्या कागदावर सोळा पटीने लहान होतो. कोन तोच राहतो, त्यामुळे नेमाची परीक्षाही तीच राहते. यातून शिकणाऱ्याचा खर्च वाचतो, आणि संघटनेला वाढायला जागा मिळते. 400 यार्डांची रेंज (गोळीबाराचं मैदान) एखाद्या राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते, 25 यार्डांची मात्र बहुतेक काउंटींमध्ये सापडते.

रेव्होल्युशनरी वॉर वेटरन्स असोसिएशन ही ना-नफा संस्था हा कार्यक्रम चालवते. जॅक डेली यांनी तो सुरू केला. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, शनिवार-रविवार मोकळे ठेवून येणारे. शिकाऊ प्रशिक्षकाच्या डोक्यावर नारिंगी टोपी, पूर्ण प्रशिक्षकाच्या डोक्यावर लाल. इव्हेंट चालवणारा तो शूट बॉस, आणि राज्याचं कॅलेंडर सांभाळणारा स्टेट कोऑर्डिनेटर. एखाद्या राज्यात हा कार्यक्रम वाढतो की कोमेजतो, हे या शेवटच्या दोघांवर ठरतं.

आधी वर्गाबद्दल. चार सुरक्षानियम वारंवार म्हणून घेतले जातात: नळी कायम सुरक्षित दिशेला, लोडची आज्ञा मिळेपर्यंत भरायचं नाही, साइट (नेम धरायची खूण) टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि शेजारचेही हे नियम पाळतायत याची काळजी आपण घ्यायची. या चौथ्या नियमामुळे लाइनवरच्या प्रत्येकाच्या अंगावर जबाबदारी येते, आणि वीस अनोळखी माणसांची लाइन दुपारपर्यंत शिस्तीत चालायला लागते. सुरुवातीलाच 'रेडकोट' (लाल कोटातला ब्रिटिश सैनिक) टार्गेटवर 13 गोळ्या झाडायला लावतात. चार आकृत्यांवर प्रत्येकी तीन, आणि क्रांतियुद्धातला रायफलपथकाचा सेनानी डॅनियल मॉर्गन याच्या नावाच्या छोट्या शिंगलवर (छपराच्या लाकडी फळीच्या आकृतीवर) एक. शेवटी तेच टार्गेट पुन्हा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की दोन दिवसांत काय कमावलं ते कोणी सांगावं लागत नाही.

मधल्या वेळात शिकवतात त्या गोष्टी जुन्या आणि पक्क्या आहेत: स्लिंग (रायफलचा पट्टा) दंडावर चढवणं, झोपून, बसून आणि उभं राहून घ्यायच्या पोझिशन, एक गोळी झाडण्याच्या सहा पायऱ्या, आणि नॅचरल पॉइंट ऑफ एम, म्हणजे अंग सैल असताना रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती जागा. या शेवटच्या गोष्टीवर सगळं शिक्षण उभं आहे. डोळे मिटा, अंग सैल सोडा, श्वास सोडा, डोळे उघडा. साइट टार्गेटवर नसेल तर हाताने रायफल ढकलायची नाही, पुढचा कोपर जागचा न हलवता सगळं अंग सरकवायचं. मॅगझिन बदलल्यावर ही तपासणी चुकते आणि पुढच्या सगळ्या गोळ्या एका बाजूला सरकतात. ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) उभा ओढला गेला तर श्वास चुकतोय. तिरका गेला तर कोपर रायफलखाली नाही. कागदावरून चूक ओळखण्याची ही रीत चांगला प्रशिक्षक एका फेरीत शिकवतो. कच्चा प्रशिक्षक मात्र सरसकट 'ट्रिगर हळू दाबा' एवढंच सांगत फिरतो.

परीक्षेला एक्यूटी म्हणतात. 40 गोळ्या, 250 गुण. पहिली फेरी उभ्याने, 10 गोळ्या, 2 मिनिटं. दुसरीत उभ्यावरून बसायचं, 10 गोळ्या 55 सेकंदांत, मॅगझिन आधी 2 मग 8. तिसरीत उभ्यावरून झोपायचं, 65 सेकंद, पुन्हा 2 आणि 8. चौथी फेरी झोपूनच, 5 मिनिटं, आणि तिचे गुण दुप्पट. 210 गुणांना 'रायफलमन'चा पॅच मिळतो. नवे लोक उभ्याच्या फेरीवर जीव टाकतात, पण तिथे जास्तीत जास्त 50 गुण आहेत आणि चौथ्या फेरीत 100. वेळेचा धाक नसलेल्या त्या पाच मिनिटांतच घाई करून पॅच हुकवणारे फार असतात.

सामान साधं लागतं. .22 एलआर या लहान काडतुसाची रायफल, 10 गोळ्यांची दोन मॅगझिन, लष्करी पद्धतीची कापडी स्लिंग, दोन दिवसांना 400 ते 500 गोळ्या, चेंबर फ्लॅग (रायफल रिकामी आहे हे दाखवणारी खूण), कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, खाली अंथरायला चटई. रुगर 10/22 या .22 रायफलवर टेक-साइट्स कंपनीच्या साइट आणि स्लिंग बसवली की झाली 'लिबर्टी ट्रेनिंग रायफल'. एकाही फेरीत मॅगझिनमध्ये 10 पेक्षा जास्त गोळ्या लागत नाहीत, त्यामुळे कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीसारख्या 10 गोळ्यांची मर्यादा असलेल्या राज्यांतही वर्ग तसाच्या तसा चालतो. स्कोप चालतो, पण मोठ्या काडतुसांच्या रायफलींसाठी बनवलेल्या बऱ्याच स्कोपचा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) 100 यार्डांना बांधलेला असतो. 25 यार्डांवर डोकं जरा हललं की नेम सरकतो आणि माणूस दिवसभर स्वतःला दोष देत बसतो. स्लिंग अडकवायचे स्विव्हल घरीच बसवून आणा, रेंजवर स्क्रू शोधण्यात सकाळ जाते.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याची आडकाठी नाही. एच-वन-बी, एफ-वन यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर मात्र बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे. दुसऱ्याची रायफल हातात घेतली तरी ती त्यातच येऊ शकते. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत. राज्याचे नियम आणखी वेगळे. नाव नोंदवण्याआधी वकिलाला विचारून घ्या, शूट बॉसला नव्हे.

वर्गाचा दुसरा अर्धा भाग इतिहासाचा. 19 एप्रिल 1775, लेक्सिंग्टन आणि कॉन्कर्ड, ब्रिटिशांविरुद्धच्या अमेरिकन क्रांतियुद्धाचा पहिला दिवस. पॉल रिव्हिअरची रात्रीची दौड, कॅप्टन पार्करची माणसं, नॉर्थ ब्रिज. ही हकिकत तीन भागांत, गोळीबाराच्या मधल्या वेळात सांगतात. सांगणारा तयारीचा असला तर जेवणाची सुट्टी संपली तरी कोणी उठत नाही. नसला तर लोक फोन काढतात. हा फरक इव्हेंटगणिक जाणवतो आणि वाढीच्या आराखड्यात त्याची कधीच नोंद नसते. नारिंगी टोपीवाल्याची गोळीबार शिकवण्याची तयारी जितकी तपासली जाते, तितकीच कथनाचीही तपासायला हवी.

आता वाढीबद्दल. बहुतेक राज्यांत आराखडा रेंजपासून सुरू होतो: नव्या काउंटीतला क्लब मिळाला, चला तारीख टाकू. इथेच गणित बिघडतं. रेंज मिळवणं तुलनेने सोपं आहे, शूट बॉस घडवणं कठीण. राज्यात वर्षाला 24 इव्हेंट करायचे आणि प्रत्येकाला चार माणसं हवीत, तर 96 शनिवार-रविवार भरायचे आहेत. नोकरी आणि घर सांभाळून माणूस वर्षाला सहा देतो असं धरलं तर 16 प्रशिक्षक लागतात. आजारपण, बदली, मुलांच्या परीक्षा धरून 20 ठेवा. त्यातले निदान सहा शूट बॉस हवेत, कारण चारच असले की एक जण थकला की सहा इव्हेंट हवेत लटकतात. पाच नेमबाजांमागे एक प्रशिक्षक हे प्रमाण चांगलं बसतं. आठांवर गेलं की सुरक्षा टिकते, पण शिकवणं संपतं. लोक 'मजा आली' म्हणून घरी जातात आणि परत येत नाहीत.

म्हणून आधी नकाशा घ्या आणि त्यावर प्रशिक्षकांची घरं मांडा. प्रत्येक घराभोवती दोन तासांच्या गाडीप्रवासाचं वर्तुळ काढा. तीन-चार वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे रेंज शोधा. राज्याचा जो कोपरा रिकामा दिसतो तिथे लगेच इव्हेंट टाकायचा मोह होतोच. तिथे एक इव्हेंट करून दोन वर्षं फिरकलं नाही तर क्लबचा भरवसा जातो, आणि पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही. रिकाम्या कोपऱ्यात जायचंच असेल तर एकाच वर्षात तीन तारखा बांधून जा: पहिली पेरायला, दुसऱ्या वेळी आधी आलेल्यांना परत बोलवायला, तिसरी त्यांच्यातून नारिंगी टोपी उचलायला. स्थानिक टोपीशिवाय ती रेंज कायम परक्यांच्या पेट्रोलवर चालेल.

नारिंगी टोपीचं आमंत्रण देण्याची वेळ रविवारी दुपारी, पॅच हातात पडल्यावर, सामान गाडीत भरण्याआधी. नंतर पाठवलेल्या ईमेलने हे काम होत नाही. सगळ्यात जास्त गुणवाल्यालाच विचारावं असंही नाही. स्वतःचं टार्गेट सोडून शेजारच्या मुलीची स्लिंग नीट करून देणारा माणूस हेरा. प्रशिक्षक होण्यासाठी 'रायफलमन'ची पातळी लागतेच, पण धीर शिकवता येत नाही. नारिंगीवरून लाल होईपर्यंत त्याला दर इव्हेंटला एक ठरलेलं काम द्या: आज सुरक्षानियम, पुढच्या वेळी स्लिंग, त्यानंतर लाइनच्या आज्ञा. फक्त टार्गेटं स्टेपल करायला ठेवलेला शिकाऊ तिसऱ्या वेळेला येत नाही. राज्यातली गळती सगळ्यात जास्त इथेच होते.

रेंज निवडताना लांबीपेक्षा रुंदी मोजा. झोपून गोळी झाडणाऱ्याला सहा फूट धरले तर 20 जणांना 120 फूट सलग, एकाच पातळीची लाइन हवी. काँक्रीटच्या बाकांच्या रांगेमुळे बऱ्याच सुंदर रेंज बाद होतात, कारण पुढे झोपायला जागाच नसते. मागचा मातीचा बांध, सावली, शौचालय, पार्किंग, मोबाइलला सिग्नल आणि ॲम्ब्युलन्सला सांगता येईल असा नेमका पत्ता आधी स्वतः जाऊन बघा. क्लबच्या सदस्यांना दोन दिवस आपलीच रेंज मिळणार नाही, हे त्यांच्या समितीसमोर आपणच आधी बोलून दाखवावं. सदस्यांसाठी दोन-तीन जागा राखून ठेवल्या की विरोध मावळतो. विम्याचा कागद आणि लेखी करार पहिल्या भेटीतच सोबत असू द्या. क्लब पुढच्या वर्षाची तारीखवही आधीच्या हिवाळ्यात भरतात. वसंतात विचारायला गेलात तर जुलैच्या उन्हातल्या तारखा पदरात पडतात.

रेंजचा शोध नागरिकांना नेमबाजी शिकवणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमशी जोडलेल्या क्लबांपासून सुरू करावा. 1903 मध्ये सरकारी मंडळ म्हणून सुरू झालेलं आणि 1996 च्या बदलानंतर स्वतंत्र संस्था म्हणून चालणारं हे जाळं जुनं आहे. त्या क्लबांना शिस्तीच्या लाइनची सवय असते. फोर-एच या मुलांच्या संघटनेतल्या नेमबाजीचे पालकही चांगले: मुलांना आणतात आणि स्वतः अडकतात.

एकाच शनिवार-रविवारी राज्यात दोन इव्हेंट ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक. कॅलेंडर भरलेलं दिसतं, पण प्रशिक्षक दोन्हीकडे तीन-तीन होतात आणि शेवटच्या आठवड्यात एक इव्हेंट रद्द होतो. रद्द झालेला इव्हेंट न ठेवलेल्या इव्हेंटपेक्षा महाग पडतो, कारण गोळ्या घेऊन, रजा टाकून बसलेला माणूस पुन्हा नाव नोंदवत नाही.

सामानाचा ट्रेलर एकच असेल तर तो राज्याच्या मध्यावर ठेवा. दोन असणं उत्तम. माणशी 25 ते 30 टार्गेटचे कागद, पुठ्ठे, स्टेपलर आणि भरपूर पिना, उसन्या द्यायला सहा-आठ स्लिंग आणि दोन रायफली, जादा चेंबर फ्लॅग, प्रथमोपचार पेटी, ओल्या जमिनीसाठी ताडपत्री. पिना संपल्या की लाइन खोळंबते, म्हणून त्या दुप्पट.

या सेवेत खटकणाऱ्या दोन गोष्टी. 25 यार्डांवर वारा जवळपास दिसत नाही. पॅच मिळालेल्या माणसाला आपण 400 यार्डांवर तयार आहोत असं वाटतं, आणि खऱ्या अंतरावरच्या नोन डिस्टन्स वर्गात पहिल्याच झुळकीला तो भ्रम फुटतो. ज्या राज्यात वर्षाला असा एकही वर्ग होत नाही तिथे शिक्षण अर्धं राहतं. शेजारच्या राज्याशी मिळून का होईना, एक तारीख धरायलाच हवी. दुसरी गोष्ट शनिवारच्या वेगाची. पोझिशन, स्लिंग, साइटचे क्लिक, इंच आणि मिनिटांचा (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) हिशोब हे सगळं एका दिवसात अंगावर येतं. क्लिकचं गणित खरं तर सोपं आहे: 25 यार्डांवर एक इंच म्हणजे साधारण 4 मिनिटं, आणि एका क्लिकला पाव मिनिट सरकणारा स्कोप असेल तर 16 क्लिक. हा एक आकडा जाड अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून लाइनच्या मागे लावला तरी शनिवारची अर्धी गडबड कमी होईल.