कोल्हापुरात दोन दिवस: पन्हाळा-जोतिबा करायचं की वाडी-खिद्रापूर?

दोन दिवसांसाठी कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांची यादी बहुतेक ठरलेली असते, अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस, पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, जमलं तर कणेरी मठ, आणि जेवायला तांबडा-पांढरा. दोन दिवसांत हे सगळं बसवता येतं, गाडी पळवली की बसतं, पण मग खुद्द कोल्हापूर बघायचं राहून जातं. पन्हाळा शहराच्या वायव्येला आणि वाडी-खिद्रापूर पूर्वेला, म्हणजे दोन्ही टोकं एकदम विरुद्ध. म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे की एक अख्खा दिवस शहराला द्या आणि दुसऱ्या दिवशी यातली एकच दिशा धरा. कुठली धरायची हे कोण येतंय आणि कुठल्या महिन्यात येतंय यावर ठरवा.

आधी अंतराचं बघू, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. पन्हाळा कोल्हापुरातून साधारण २० किलोमीटर, पाऊण तासात तुम्ही गडावर असता, आणि गाडी थेट वर जाते. जोतिबाचा डोंगर त्याच बाजूला, त्यामुळं दोन्ही मिळून आरामात बघितलं तरी दुपार कलायच्या आत शहरात परत. नरसोबाची वाडी ५० किलोमीटरच्या आसपास आणि खिद्रापूर तिथून पुढं कुरुंदवाडवरनं अजून अर्धा-पाऊण तास, म्हणजे हा सकाळी निघून संध्याकाळी परत यायचा प्रकार. तुमच्याकडं दोन दिवस म्हणजे खरं तर दीडच असेल, शनिवारी दुपारी पोचणार आणि रविवारी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत, तर विचार करत बसू नका, पन्हाळा करा.

आता पन्हाळ्याबद्दल. गड १२ व्या शतकातला, शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, पुढं आदिलशाही, मग महाराज, संभाजीराजे, ताराराणी, सगळ्यांचा इथं वावर. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे, आम्हाला त्याचा लई आनंद झाला. पण एक सांगतो, पन्हाळा नुसता डोळ्यानं बघायचा गड नाही, गोष्ट माहीत असेल तर तो भिडतो. वर वस्ती आहे, नगरपरिषद आहे, हॉटेलं आहेत, झुणका-भाकरीच्या टपऱ्या आहेत, त्यामुळं राजगड-रायगडची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत वाटतं, हा कसला किल्ला. मग तीन दरवाजापाशी जा, तिथलं दगडातलं काम बघा, शेजारी अंधार बावडी आहे, वरून साधी दगडी इमारत वाटते आणि आत उतरलं की खाली विहीर. मग अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं, गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावं. कोठाराच्या आत उभं राहिलं की १६६० चा तो वेढा समजतो, सिद्दी जौहर चार महिने खाली बसला होता आणि वर महाराज अडकलेले, आणि १२ जुलैच्या रात्री भर पावसात ते राजदिंडीच्या वाटेनं विशाळगडाकडं निघाले. पालखीत महाराज म्हणून बसलेला शिवा काशीद पकडला गेला आणि मारला गेला, बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, पण राजदिंडीपाशी उभं राहून खालची झाडी बघितली की अंगावर काटा येतो. शिवा काशीदांचं स्मारक बघायचं अजिबात चुकवू नका, बरेच जण बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढून पुढं जातात. मराठी शाळेत शिकलेल्यांसाठी अजून एक, मोरोपंतांचा जन्म इथलाच, १७२९ चा.

एखादा चांगला गाईड वरच ठरवा, पैसे वसूल होतात, लहान पोरं बरोबर असतील तर हमखास. पोरं पन्हाळ्यावर रमतात, बुरुज, तोफा, पळायला जागा, सज्जा कोठीवरनं खाली दिसणारा मुलूख. आई-वडील बरोबर असतील तरी अडचण नाही, बहुतेक ठिकाणांपर्यंत गाडी जाते.

जोतिबाचं गणित वेगळं आहे. देवळं सुंदर आहेत, काळ्या दगडाची, आणि गुलाल इतका की पायऱ्या, भिंती, माणसं सगळं गुलाबी, पांढरे कपडे घालून जाऊ नका. पण रविवार हा देवाचा वार, त्या दिवशी आख्खा जिल्हा वर असतो, माघात तर रविवारी लोक चालत खेटे घालायला जातात. त्यामुळं जोतिबा करायचा असेल तर शनिवारी करा. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला लाखो लोक असतात, त्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच निशाणकाठ्या, बघायलाच येणार असाल तर जरूर या, आयुष्यात एकदा बघावीच अशी गोष्ट आहे, पण मग बाकीचं कोल्हापूर विसरा, त्या दोन दिवसांत ट्रॅफिक कुठंच हलत नाही.

आता दुसरी बाजू, आणि खरं सांगायचं तर माझा जीव इकडं जास्त आहे. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर बाहेरच्या फार थोड्या लोकांनी बघितलेलं असतं. उसाच्या शेतातनं जाणारा रस्ता, एकदम कर्नाटकच्या हद्दीपाशी कृष्णेच्या काठावर छोटं गाव, आणि त्या गावात असलं देऊळ असेल असं शेवटच्या वळणापर्यंत वाटत नाही. हेही शिलाहारांचंच, १२ व्या शतकातलं, म्हणजे ज्या घराण्याचा किल्ला तुम्ही पन्हाळ्यावर बघता त्याच घराण्याचं हे देऊळ. समोर पहिल्यांदा येतो तो स्वर्गमंडप. ४८ खांब, आणि मधोमध छत नाहीच, एक मोठं गोल आभाळ उघडं सोडलंय, आणि त्याच्या बरोबर खाली तेवढीच गोल दगडी शिळा. दुपारच्या सुमाराला ऊन वरनं थेट त्या शिळेवर उतरतं आणि भोवतीचे खांब सावलीत असतात. कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र वर आला की तसंच चांदणं खाली पडतं, त्या रात्री लोक मुद्दाम जातात. बाहेरनं फिरून या, जोत्यावर हत्तींची रांगच्या रांग आहे आणि त्यांच्यावर देवदेवता बसलेल्या, कित्येक मूर्ती फोडलेल्या आहेत पण जे शिल्लक आहे त्यावरनं नजर हलत नाही. घाईत अर्ध्या तासात उरकू नका, दीड तास द्या. देवळाबाहेर नंदी नाही हे तुमच्या लक्षात येईलच. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, मागे कोपलेला शिव राहिला आणि त्याला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर (शिव) आणि धोपेश्वर (विष्णू) दोघेही आहेत आणि नंदी पलीकडं यडूरला, अशी गावातली माणसं सांगतात. एवढी दोन वाक्यं माहीत असली तरी देऊळ वेगळं दिसतं.

अडचणीही सांगतो. खिद्रापुरात जेवायची धड सोय नाही, पाणी बरोबर ठेवा, उन्हाळ्यात दगड इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही, मोजे घेऊन जा. नोव्हेंबरपासून उसाचा सीझन, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागं गाडी रेंगाळते, वेळ धरूनच निघा आणि अंधारात त्या रस्त्यानं परत यायचं शक्यतो टाळा, ट्रॉल्यांना मागं लाईट असेलच असं नाही. एसटीनं वाडीपर्यंत सहज जाता येतं, पुढं खिद्रापूरसाठी स्वतःची गाडी किंवा भाड्याची असलेली बरी.

वाडी या दिवसाचा दुसरा भाग. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचा अवतार मानलेल्या नृसिंह सरस्वतींनी १२ वर्षं इथं वास्तव्य केलं, देवळात मूर्ती नाही, पादुका आहेत. माझ्या मते क्रम असा ठेवा, सकाळी लवकर निघून वाडी सोडून आधी सरळ खिद्रापूर गाठा, तिथलं निवांत बघा आणि दुपारी येताना वाडीला थांबा, प्रसादाचं जेवण मिळालं तर उत्तमच, मग घाटावर बसा. बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी घ्यायची, कवठाची बर्फी दुसरीकडं अशी मिळत नाही. पौर्णिमा आणि गुरुवार सोडून या. वयस्कर लोकांना वाडी खूप मानवते, दर्शनाला फार चढउतार नाही, आणि ज्यांच्या घरात दत्त आहे त्यांना तर पन्हाळ्याचं नाव काढून काही उपयोग नाही.

पावसाळ्यात मात्र सगळं उलटतं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी आलं की वाडीचं देऊळच पाण्यात असतं, उत्तरेच्या दारातनं शिरलेलं पाणी दक्षिणेच्या दारातनं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला धाव घेतात. तो सोहळा दांडगा आहे पण तारीख ठरवून मिळत नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ तालुक्यानं जे भोगलं ते आठवलं तर पाणी वाढत असताना तिकडं फिरायला जाऊ नये असंच मी म्हणेन, तिथल्या लोकांना आपली जनावरं-माणसं हलवायची असतात. पावसात पन्हाळा मात्र काय दिसतो म्हणून सांगू, ढग अंगावरनं जातात, झुणका-भाकरी आणि खर्डा तेव्हाच खावा. फक्त लई पाऊस असेल तर रस्ता चालू आहे का विचारून निघा, २०२१ ला तो खचला होता.

तर थोडक्यात, जून ते सप्टेंबर पन्हाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पूर्ण दिवस हाताशी असेल तर खिद्रापूर. पोरं बरोबर असतील तर पन्हाळा, आई-वडील असतील तर वाडी-खिद्रापूर, आणि कॅमेरा घेऊन येणारा किंवा जुन्या देवळांचं वेड असलेला कुणी असेल तर बारा महिन्यांत कधीही (पूर सोडून) खिद्रापूर. मार्च ते मे दोन्हीकडं ऊन आहे, पन्हाळा थोडा गार. आणि महाराजांसाठी येणाऱ्याला मी खिद्रापूर सुचवणारच नाही, त्यानं पन्हाळ्यावर सबंध दिवस घालवावा.

शहराचा दिवस रविवारी ठेवा, बाहेरचा शनिवारी, कारण रविवारी पन्हाळ्यावर आणि जोतिबावर गर्दी आणि इकडं रविवार म्हणजे मटणाचा वार. पहाटे अंबाबाईला जा, आठच्या पुढं रांग वाढत जाते. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किरणोत्सव असतो, मावळतीचे किरण थेट मूर्तीपर्यंत येतात, तारखा जमत असतील तर संध्याकाळी आत जागा मिळवायला खूप आधी जाऊन बसा. मग मिसळ, उद्यमनगरात फडतरे किंवा खासबागेजवळ, पाव मागू नका, इथं ब्रेड असतो, आणि कट सोसत नसेल तर आधीच सांगा, कुणी काही म्हणत नाही. कुस्तीचं खासबाग मैदान आत जाऊन बघा, शाहू महाराजांनी बांधलेलं, कुठल्याही कोपऱ्यात बसलं तरी लाल माती दिसते. दुपारी तांबडा-पांढरा एखाद्या साध्या खानावळीत खा, थाळीत पांढरा आधी प्या. चपला घ्यायच्या असतील तर भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाईनमध्ये, दोन-चार दुकानं फिरून, हातात घेऊन वाकवून बघा, चामडं आणि शिवण बघा, सगळ्यात स्वस्त जोड घेऊ नका, बनवणाऱ्याच्या हाताला त्यातनं काही मिळत नाही. संध्याकाळी रंकाळा, मग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, समोर काढून देतात, आणि राजाभाऊंची भेळ खायला पोटात जागा ठेवा. गुळाची ढेप मात्र पहिल्याच दिवशी घ्या, रविवारी रात्री स्टेशनकडं निघताना दुकानं शोधत बसायला वेळ राहत नाही.